पिंडो

नकाशावर त्याचे तीन तुकडे आहेत,
मधला एकाच अक्षराचा, वर टांगलेला स्वल्पविराम.
फ्रेंच येत असेल तर म्हणाल, प्वँ दो.
तसं म्हणालात
की पेट्रोल पंपावरची ग्लेनिस आधी तुमच्या बुटांकडे बघते
आणि म्हणते, "पिंडो. कुठून आलात?"

मी भूजल खात्याकडून आले होते.
पोलादी फितीला निळा खडू फासायचा,
फीत विहिरीत सोडायची,
वर ओढून वाचायचं खडू कुठवर भिजला ते.
एवढंच काम. आकडा लिहायचा, पुढच्या शेतावर जायचं.

नाव कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
कातडी विकत हिंडणारा कुणी फ्रेंच, खेचरावर बसून.
मिस रबिडू आठवीच्या पोरांना चाळीस वर्षं सांगत आल्या:
याचा अर्थ, पाण्याची जागा.
आणि जुन्या बोलीत याचाच अर्थ,
पाण्याचं नाव नको.
"मग खरं कुठलं, मिस?"
"तो एप्रिलमध्ये आला होता की ऑगस्टमध्ये, त्यावर आहे,"
असं म्हणून त्या फळा पुसायला वळत.
मला तेव्हाच वाटलं,
या नावात कुठंतरी पाणी मुरतंय.

शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय.
रुळांच्या पूर्वेला रिकामा कप पुढे करून म्हणतात, पिंडो.
संपली.
पश्चिमेला कपावर हात ठेवून म्हणतात, पिंडो.
पुरे, भरलाय.
डॉट व्होंड्राचेक लग्न होऊन पूर्वेकडून पश्चिमेला गेली
तेव्हा सासरी महिनाभर कुणी तिला दुसरा कप दिलाच नाही.
ती पिंडो म्हणत राहिली,
ते कौतुकानं माना डोलावत राहिले.

बास्केटबॉलच्या बनियनवर मात्र पूर्ण फ्रेंच स्पेलिंग.
बारक्या पोरांच्या छातीवर ते मावत नाही,
शेवटची दोन अक्षरं काखेत जातात.

माझ्या वहीत मी देवनागरीत लिहिलं.
आमच्यात म्हणू तसंच लिहावं लागतं,
त्यामुळे तो टांगलेला स्वल्पविराम गळून पडला,
ज्याच्या आडोशाला 'आहे' आणि 'नाही'
इतकी वर्षं एका खोलीत राहिले होते.

बोअर मारणारा ऑरिन टेश मार्चमध्ये गेला.
मागे चौतीस वह्या.
माती, गाळ, वाळू, खडक, पाणी,
प्रत्येकाचा वेगळा रकाना, अक्षर मुंगीसारखं.
ह्रुस्काच्या उत्तरेकडच्या शेताच्या पानावर
खोली दोनशे ऐंशी फूट,
आणि पाण्याच्या रकान्यात आकडा नाही.
शिसपेन्सिलीनं एकच शब्द.

त्याची मुलगी लोर्ना ते पान घेऊन माझ्याकडे आली.
"बाबा जन्मले पूर्वेला," ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"पण संसार केला पश्चिमेत."
ह्रुस्का ट्रकच्या फळीवर बसून होता.
मका लावायचा की जमीन विकायची,
हे त्याला शुक्रवारपर्यंत बँकेला सांगायचं होतं.

पाइपाचं झाकण गंजून बसलेलं. हातोडीचे अकरा घाव.
फीत खाली जायला लागली.
शंभर. दीडशे.
दोनशेपर्यंत ह्रुस्का आकडे मोठ्यानं म्हणत होता,
मग गप्प झाला.
दोनशे बहात्तरला तळ लागला. गाळ चढला असणार.

वर ओढली.
शेवटच्या चार बोटांवरचा खडू
भिजला नव्हता,
पण उरलेल्या निळ्यापेक्षा जरा गडद होता,
ढग सरकताना जेवढा होईल तेवढा.
लोर्नानं फीत नाकाशी नेली,
डोळे मिटून, ऑरिन करायचा म्हणे तशी.
"काय?" ह्रुस्का म्हणाला.

माझ्या फॉर्मवर फक्त अंक चालतात.
मी फीत मांडीवर कोरडी पुसली
आणि पहिल्यापासून
पुन्हा खडू फासायला घेतला.